अर्ध्या सेकंदाचा फरक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक-प्रणालीची नियमित मोफत देखभाल संपली. कंपनीने पुढे काही काळासाठी वाढीव मुदतीची सोय ठेवली हे खरे. पण सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, अजूनही धडधाकट असलेला आणि तरीही विंडोज ११च्या अटींत न बसणारा संगणक ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहायचा तो राहिलाच. याचे आता करायचे काय? अशा वेळी घरातला एखादा पुतण्या किंवा भाची पुढे होते आणि म्हणते, "काका, यावर लिनक्स टाकू या. फुकट असते."

हा 'फुकट' शब्द मला कधीच सरळ पचत नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, पण फुकट म्हटले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की मग खर्च कुणाच्या खाती पडला? कारण खर्च तर झालेलाच असतो. जमेच्या बाजूला काही दिसत असेल तर नावेच्या बाजूला कुठेतरी ते असलेच पाहिजे. गेली कित्येक वर्षे माझे सारे लेखन मी लिनक्सवरच करतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला भागच होते. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

युनिक्स हे नाव माझ्या पिढीच्या बँकवाल्यांना परके नाही. नव्वदच्या दशकात शाखांतून संगणक आले तेव्हा अनेक ठिकाणी युनिक्सच होते. काळा पडदा, त्यावर अक्षरे, सकाळी 'डे-बिगिन', संध्याकाळी 'डे-एंड' आणि शेवटी टेपवर बॅकअप. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रणालीचा पाया घातला. १९९१ साली हेलसिंकीमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्याच धर्तीवर एक गाभा लिहिला आणि जगाला खुला करून दिला. तोच लिनक्स. पण नुसता गाभा घेऊन कोणी पत्र टाइप करू शकत नाही. त्याभोवती हजारो प्रोग्रॅम लागतात आणि ते एकमेकांशी जुळवून देणारा कोणीतरी लागतो. असे जुळवून देणाऱ्या मंडळींपैकी एक जुने आणि मानाचे नाव म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ साली ते सुरू केले. मैत्रिणीच्या 'डेब्रा' या नावातले अर्धे आणि आपले 'इयान' जोडून त्याने हा शब्द बनवला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तेरावी मुख्य आवृत्ती बाहेर पडली. तीत सुमारे सत्तर हजार पॅकेजेस आहेत. आणि या साऱ्या पसाऱ्याला मालक नाही. जगभर विखुरलेले सुमारे हजारभर सभासद आणि त्यांचे मदतनीस, बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, हा संसार चालवतात.

पॅकेज म्हणजे काय? व्यवस्थित बांधलेले पुडके आणि त्यावर लावलेली चिठ्ठी. पुडक्यात प्रोग्रॅम असतो. चिठ्ठीवर लिहिलेले असते, की हा प्रोग्रॅम चालायला आणखी कोणकोणती पुडकी, कोणत्या आवृत्तीची, आधी घरात हवीत. मूळ प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा; त्याचे पुडके बांधणारा, चिठ्ठी अचूक ठेवणारा, कुणाची तक्रार आली तर तिचा छडा लावणारा वेगळा. त्याला मेंटेनर म्हणतात. लग्नघरात कोठीवर एखादी आत्याबाई बसलेली असते. पंगती उठतात, वाढप्यांचे कौतुक होते, आचाऱ्याला शालजोडी मिळते. आत्याबाईंची आठवण होते ती मीठ संपल्यावर. मेंटेनरचे तसेच आहे.

हे काम किती बारीक असते, याचे आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला भाजीत तेल किती घालायचे ते सांगायचे. 'र' आणि 'य' एकत्र आल्यावर वर रफार द्यायचा की मध्ये ती आडवी पापणी काढायची, एवढाच फरक. पण मराठीत त्यावर अर्थ फिरतो. संगणकाच्या पोटात अक्षरे नुसत्या क्रमांकांच्या रूपात असतात. त्यांची जोडाक्षरे जुळवून पडद्यावर योग्य आकार उमटवण्याचे काम हार्फबझ नावाची एक लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात असा सामाईक भाग. बेहदाद इस्फहबोद या इराणमध्ये जन्मलेल्या तंत्रज्ञाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे, आणि तिच्या नावातला 'हर्फ' म्हणजे आपल्या जुन्या मराठीतही येतो तोच, अक्षर या अर्थाचा. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, क्रोम, इतकेच काय, अँड्रॉइडच्या फोनवर येणारा मराठी निरोपसुद्धा हीच लायब्ररी जुळवून दाखवते. तिचा एखादा धागा निसटला तर परिणाम कुठवर जाईल, याचा विचार करून पाहावा.

धागे निसटतातच. अपडेट केले आणि दुसऱ्या दिवशी लेखनाचा प्रोग्रॅम उघडेना, असे कधी ना कधी घडते. तेव्हा काय करायचे? बँकेत ट्रायल बॅलन्स जुळत नसे तेव्हा नवा कारकून पहिल्या पानापासून बेरजा पुन्हा मारायला बसे. जुना हेडक्लार्क एकच प्रश्न विचारी, "शेवटचा कधी जुळला होता?" तिथून पुढच्याच नोंदी तपासायच्या. फरकाला नवाने भाग जात असेल, तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत असे समजून चालायचे. संगणकाची दुरुस्तीही याच वाटेने जाते. प्रोग्रॅम शेवटचा नीट कधी चालला? त्यानंतर काय काय बदलले? डेबियनमध्ये पॅकेजेसची रोजखर्डी असते. कोणत्या दिवशी कोणते पुडके आले आणि कोणते गेले, हे तीत तारीखवार सापडते. मग तोच प्रोग्रॅम टर्मिनलमधून, म्हणजे त्या जुन्या काळ्या पडद्यातून सुरू करून पाहायचा. एरवी मुकाट्याने बंद पडणारा प्रोग्रॅम तिथे आपले दुखणे शब्दांत सांगून जातो. त्याच यंत्रावर नवे खाते काढून त्यात तो चालतो का हे पाहायचे. चालत असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये नसून आपल्या खात्यातल्या सेटिंगमध्ये आहे. लिब्रेऑफिसमध्ये तर याचसाठी 'सेफ मोड' दिलेला आहे. यात जादू काही नाही. चिकाटी आहे, आणि फरक सस्पेन्स अकाउंटमध्ये ढकलून घरी न जाण्याचा बाणा आहे.

फरक किती लहान असू शकतो? १९८६ सालची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराचे पैसे विभागवार आकारले जात. त्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाकडे तो शोधण्याचे काम आले. पाऊण डॉलरच्या मागे तो लागला, आणि कित्येक महिन्यांनी धागा जाऊन पोहोचला तो जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात, अमेरिकन लष्करी संगणकांत शिरून तिथली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकणाऱ्या माणसापर्यंत. हा माणूस आत शिरला कसा? इमॅक्स नावाच्या लेखनाच्या पॅकेजमधला, टपाल इकडून तिकडे हलवणारा एक छोटा प्रोग्रॅम तिथे गरजेपेक्षा जास्त अधिकार देऊन बसवलेला होता. तिजोरीची किल्ली शिपायाच्या खिशात राहावी, तसे.

पण फरक मिटवण्याची घाईसुद्धा घातक ठरते. प्रोग्रॅम स्मृतीचा वापर नीट करतो की नाही, हे तपासणारे वाल्ग्रिंड नावाचे एक साधन आहे. ऑडिटरच म्हणा ना. २००६ साली त्याने ओपनएसएसएल या पॅकेजबद्दल शेरा मारला. हे पॅकेज गुप्त किल्ल्या तयार करते. डेबियनच्या मेंटेनरने मूळ कर्त्यांच्या मंडळींत विचारणा केली, हरकत दिसली नाही, आणि शेऱ्याला कारण असलेल्या ओळी त्याने बाद केल्या. शेरा मिटला. मात्र किल्ल्यांमध्ये अनपेक्षितपणा येतो तो ज्या कामामुळे, तेही त्या ओळींबरोबर गेले. परिणामी एकेका प्रकारच्या यंत्रावर, एकेका मापाची किल्ली फार तर ३२ हजार ७६८ प्रकारचीच तयार होऊ लागली. चोराने एकेक लावून पाहावी, इतकी थोडी. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी ही गोष्ट उघडकीला आणली, तोवर वीस महिने उलटले होते. डेबियनवर आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर तयार झालेल्या अशा किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. मेंटेनर प्रामाणिक होता, त्याने विचारलेही होते. दुसऱ्या कोणी शेजारी बसून, त्या ओळी नेमके काय करतात, हे पाहिले नव्हते.

आता २०२४ कडे येऊ. एक्सझेड नावाचे एक पॅकेज आहे. फायली दाबून लहान करायच्या आणि पुन्हा मोकळ्या करायच्या, एवढेच त्याचे काम. डेबियनची पुडकीसुद्धा त्यानेच आवळलेली असतात. फिनलंडमधले लास्सी कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे ते जवळजवळ एकट्याने, बिनपगारी, सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' असे नाव लावणारा कोणी मदतनीस त्यांना दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे भुणभुण सुरू झाली: काम संथ चालले आहे, नवा माणूस नेमा, झेपत नसेल तर सोडून द्या. आपली मानसिक प्रकृती बऱ्याच दिवसांपासून बरी नाही आणि हे काम आपण हौसेने, विनामोबदला करतो, असे त्यांनी उघडपणे सांगितले होते. थकलेल्या माणसाने शेवटी, कामसू आणि नम्र दिसणाऱ्या त्या मदतनीसाच्या हाती हळूहळू अधिकार दिले. भुणभुण करणारी ती नावेही त्याच कटातली असावीत, असे जाणकार मानतात. 'जिया टॅन' या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या दोन नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत चोरवाट होती. ती सगळ्यांना दिसणाऱ्या मजकुरात नव्हती. चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या फायली असतात; त्यांच्या पोटात तिचे तुकडे लपवले होते, आणि ते जोडणारी ओळ फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातली होती. तिचे लक्ष्य होते एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याचे अधिकृत दार. खरे पाहता एसएसएचला एक्सझेडची काही गरज नाही. पण डेबियनसारख्या काही मंडळींनी सोयीसाठी एसएसएचला सिस्टिमडी या दुसऱ्या पॅकेजशी जोडले होते आणि सिस्टिमडीच्या लायब्ररीला एक्सझेड लागत होते. जामीनदाराचा जामीनदार कोण, हे कर्ज देताना कोणी पाहत नाही. इथे नेमका तोच हाताशी धरला गेला.

हे पकडले कसे गेले? आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेले, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे तंत्रज्ञ. ते वेगाचे मोजमाप करत होते आणि त्यासाठी त्यांना यंत्र शांत हवे होते. एसएसएच उगीचच प्रोसेसर खाते आहे, असे त्यांना दिसले. आत शिरायला जिथे सुमारे ०.३ सेकंद लागत, तिथे ०.८ लागत होते. फरक अर्ध्या सेकंदाचा. काही आठवड्यांपूर्वी एका चाचणीत वाल्ग्रिंडने मारलेला एक विचित्र शेराही त्यांना आठवला. २००६ साली मिटवून टाकला गेला, त्याच जातीचा शेरा. या वेळी तो मिटवला गेला नाही. २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सगळे जाहीर केले. धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. चोरवाट तोवर डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच आली होती; आपल्यासारखे लोक वापरतात त्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचली नव्हती. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावे असतात, आणि कायम अस्थिर राहणाऱ्या आवृत्तीचे नाव आहे 'सिड', त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. फ्रॉइंड यांच्या यंत्रावर होता तो हाच सिड. उबुंटूने खबरदारी म्हणून आपली चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजेस नव्याने बांधली.

ही हकीकत वाचताना माझ्यातला कादंबरीकार 'जिया टॅन'च्या मागे धावतो, पण बँकवाला कॉलिन यांच्यापाशी थांबतो. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. व्हाउचर करणारा एक, तपासणारा दुसरा. आणि आणखी एक नियम बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो: जोखमीच्या जागेवरच्या माणसाने वर्षातून सलग रजा घेतलीच पाहिजे. जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो नव्याने सांगितला. किमान दहा कामाचे दिवस, तीही पूर्वसूचना न देता पाठवायची रजा. हा नियम लफडी उघडकीला यावीत म्हणून आहे हे खरे. पण त्याने दुसरेही एक काम होते. त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला तरी बसावे लागते, आणि खुर्चीवरच्या माणसाला उठता येते. कॉलिन यांना उठता आले नाही. त्यांच्या जागी दहा दिवस बसायला भला माणूस कोणी नव्हता, म्हणून तीन वर्षे धीर धरू शकणारा बुरा माणूस आला.

कोणी म्हणेल, मग पगारी माणसांच्या, मोठ्या कंपनीच्या मालावरच विश्वास ठेवलेला बरा. तर १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तिथे पगार होते, पण दुसरी किल्ली लावण्याआधीच माल जगभर गेला होता. खुल्या प्रोग्रॅममध्ये निदान एवढे तरी असते, की शंका आली तर फ्रॉइंड यांच्यासारख्या तिऱ्हाईताला वही उघडून पाहता येते.

तेव्हा प्रश्न माणसांच्या सोयीचा आहे, आणि तो हळूहळू उमगू लागला आहे. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' हा दोष सापडला तेव्हा कळले, की अर्ध्या जगाच्या व्यवहाराला कुलूप पुरवणाऱ्या त्या मंडळींना देणगी मिळे ती वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. २०२२ मध्ये जर्मनीने अशा पायाभूत प्रोग्रॅमच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभा केला. युरोपीय संघाचा सायबरसुरक्षेचा नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत, आणि त्यांचा मुख्य भार माल विकणाऱ्यावर आहे, हौसेने लिहिणाऱ्यावर नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधा या शेअर-दलाली कंपनीने अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. केंद्र सरकारने २०१५ सालीच, आपल्या कारभारात मुक्त प्रोग्रॅमना पसंती द्यावी, असे धोरण केले आहे, आणि सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. म्हणजे घेण्याच्या बाजूला आपले नाव ठळक आहे. देण्याच्या बाजूला ते तितके ठळक दिसायला हवे. नुसते पैसे देऊनही भागणार नाही. नोकरीतल्या तंत्रज्ञांना महिन्यातले काही दिवस अशा कामावर बसू दिले, तर थकलेल्या मेंटेनरच्या शेजारी दुसरी खुर्ची पडेल.

आता घरच्यांपुरते. जुन्या संगणकावर लिनक्स जरूर टाकावे. पुतण्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण आधी कागदपत्रे आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावेत. स्थिर आवृत्तीच घ्यावी. सिडच्या वाटेला जाऊ नये. अपडेट आठवड्याला करावे, वर्षानुवर्षे साठवू नये. कुठेतरी वाचलेली आज्ञा अर्थ न समजता टर्मिनलमध्ये चिकटवू नये; कोऱ्या चेकवर सही करण्यासारखेच ते आहे. आणि काही बिघडले, तर 'चालत नाही' एवढेच कळवून थांबू नये. कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, काय केल्यावर, पडद्यावर कोणते शब्द आले, ते जसेच्या तसे लिहून कळवावे. डेबियनच्या दोषांची वही सगळ्यांना उघडी असते आणि तिथे नीट लिहिलेली तक्रार हीसुद्धा मदतच असते.

मात्र ते पत्र पाठवण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे. पलीकडचा माणूस बहुधा दिवसभराची नोकरी आटोपून, मुलांना झोपवून, आपले ते पत्र उघडत असतो. 'इतके दिवस झाले, अजून काहीच कसे नाही?' हे वाक्य त्यात असेल तर तेवढे खोडावे. कॉलिन यांना आलेल्या पत्रांतही तसेच काही लिहिलेले होते.